गणंग

मारादीतल्या या खोलीत तहान मोजून मिळते.
पाच बश्या, प्रत्येकीत चवळीचे पन्नास दाणे,
खाली टिपकागद, वर काच.
पहिलीत निव्वळ पाणी.
उरलेल्या चारांत तेच पाणी,
पण मी त्यात एक पांढरी पूड विरघळवली आहे,
चढत्या मापाने.
दिसायला पाणीच. बोट बुडवलं तर ओलं होतं.
दाण्याला मात्र ते सुटत नाही,
उसने मागायला कोणी आलं की
आतल्या खोलीत बसून
"घरी नाहीत म्हणून सांग" म्हणणाऱ्यासारखं.

चवळी पाणी पिते ती डोळ्याच्या शेजारून,
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून.
आधी साल सुरकुतते,
धुणं धुऊन उठलेल्या बोटांसारखी.
मग आतला गर फुगून सुरकुत्या भरून काढतो.
मग काही तास काहीच नाही.
या काही तासांत तिला माघार घेता येते:
वाळवली तर वाळेल, पुन्हा भिजवली तर पुन्हा उठेल.
मूळ दोन मिलिमीटर बाहेर आलं
की मागे फिरणं नाही.
वहीत मी त्यालाच उगवण म्हणते.

इद्दी सकाळी सहाला हातगाडी ढकलत येतो.
नळ कोरडा असला की आम्हालाही
त्याच्याच पिवळ्या कॅनांतलं पाणी.
"दाण्यांना किती देतेस?"
बशीला सहा मिलिलिटर.
"हाब्सू, एवढं तर माझ्या गाडीतून रस्त्यावर सांडतं."
खरं आहे. त्याच्या वाटेवर, चौथ्या खड्ड्यापाशी,
बाभळीचं एक रोप आलंय.
शेंगेच्याच कुळातलं. शेळ्यांना अजून दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोजणी.
पहिल्या बशीत सत्तेचाळीस.
दुसरीत एकेचाळीस. तिसरीत एकोणीस,
मुळं वाकडीतिकडी,
अंधारात चप्पल शोधणाऱ्या पायांसारखी.
चौथीत दोन. पाचवीत दाणे जरा फुगलेत,
दाराशी येऊन थांबलेत, बाहेर कोणी पडलं नाही.
आणि पहिलीतले उरलेले तीन,
भरल्या पाण्यात तीन दिवस बसून
कोरडे ठणठणीत.
एक चिमट्याने उचलून काचेवर टाकला.
टण्ण.

तक्त्यात रकाने दोनच: उगवले, मेले.

आई तेसावाहून आली होती, दाढ दुखते म्हणून.
गाल धरूनच बशीवर वाकली.
"हे गणंग! रात्रभर शिजवा, दाताखाली यायचे ते येतातच.
यांनीच खाल्ली माझी दाढ."
दोन शिव्या दिल्या, माझ्या बशीला.
मग बाकावर बसून, जरा वेळाने म्हणाली,
त्या साली पाऊस एकदा येऊन गेला
आणि बावीस दिवस फिरकला नाही.
पेरलेलं सगळं मोडावर आलं आणि मोडावरच वाळलं.
दुबार पेरायला बी नव्हतं.
नंतर ओल आली तेव्हा रान मोकळंच होतं,
तरी कडेला कुठे कुठे चवळी वर आली.
"कोणी पेरली, कोणी कबूल होईना.
आठ रोपं. मी मोजली होती. तू पोटात होतीस."
त्या आठांच्या शेंगा खाल्ल्या की बियाण्याला ठेवल्या,
विचारणार होते,
पण तिची दाढ पुन्हा ठणकली
आणि आम्ही दवाखान्याची वाट धरली.

संध्याकाळी परत येऊन ब्लेडने
दोघांच्या सालीला केसभर खाच पाडली.
रात्रीत प्यायले. परवा मुळं.
म्हणजे मेले नव्हते,
पाण्याचा शब्द धरत नव्हते इतकंच.

तिसऱ्याला ब्लेड लावलं नाही.
दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर
पेन्सिलीने एक टिंब काढलंय;
साहेब विचारतील तेव्हा बघू.
आज नववा दिवस.
कागद कडेने सुकत आला की
इद्दीच्या कॅनमधून सहा मिलिलिटर,
कुठल्याही हिशेबात न धरलेले.